टॅक्सी गेली, माल गेला

परवा कोल्हापूरच्या दसरा चौकात सिग्नल सुटला आणि माझी फियाट जागची हलेना. पहिला गिअर अर्धवट निघाला, रिव्हर्सकडे अर्धवट गेला आणि लिव्हर मध्येच अडकून बसली. मागून हॉर्नचा गजर. उतरले, बॉनेट उघडलं, स्टिअरिंगच्या कॉलमखालच्या दोन पट्ट्या हाताने ढकलून एका रेषेत आणल्या, बॉनेट आपटलं आणि निघाले. शेजारच्या स्कूटरवरचा पोरगा म्हणाला, "काकू, जादू केली की!" जादू कसली डोंबलाची. गिअरच्या दांडीवर बसणारा, सुपारीएवढा एक नायलॉनचा बुश झिजलाय, आणि गेले चार महिने तो मी शोधतेय.

गाडी बाबांची. १९९१ ची प्रीमियर पद्मिनी. मूळ मॉडेल फियाटचं, म्हणून आम्ही सगळे तिला फियाटच म्हणतो, कागदावर काहीही असो. लोक हटकून विचारतात, "इंजिन कसं आहे?" अहो, इंजिन ठणठणीत आहे. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन, दोनदा रिबोअर झालंय, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कातून घेतलेत, अजून एकदा होईल. जुनी गाडी इंजिनापायी दारात उभी राहत नाही. ती उभी राहते बुशापायी, दाराच्या रबरी बीडिंगपायी, काच वर-खाली करायच्या मशीनपायी. ज्याची किंमत दीडशे रुपये, त्याच्यावाचून बाकी सगळं लोखंड खोळंबतं.

बुश आधी गावात शोधला. एका दुकानात काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "फियाट म्हणजे पुंटो का?" त्याचा दोष नाही, त्याच्या जन्माआधी कारखाना बंद झाला होता. मग पुण्याच्या नाना पेठेत भाच्याला पिटाळलं. तिथे एका म्हाताऱ्या दुकानदाराने बुश बरोबर ओळखला, कौतुकाने हातात फिरवून बघितला आणि परत दिला. मुंबईला ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांत ओळखीच्या माणसाने चौकशी केली. एकाकडे डबा निघाला. रिकामा.

हे सगळं आमच्या मेस्त्रीमामांना सांगितलं, तर ते हात पुसत एवढंच म्हणाले, "ताई, टॅक्सी गेली, माल गेला."

मला हे वाक्य पचायला दोन दिवस लागले. इतकी वर्षं माझी समजूत अशी की बाबांनी गाडी नीट ठेवली, मी नीट ठेवली, म्हणून ती चालली. सपशेल चूक. कुर्ल्याच्या कारखान्यातून नवी पद्मिनी निघणं २००० च्या सुमारास थांबलं. त्यानंतरही वीसेक वर्षं मला प्रत्येक पार्ट मिळत गेला तो कुणामुळे? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीमुळे. टॅक्सी दिवस-रात्र चालते, क्लच प्लेट खाते, किंग पिन खाते, ब्रेक खाते. हजारो टॅक्स्यांचं हे रोजचं खाणं पुरवायला छोटे कारखाने राबत होते आणि त्या ताटातली शितं आमच्यासारख्या रविवारी गाडी काढणाऱ्यांपर्यंत सांडत होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही नाही. त्या दिवशी लोकांनी फोटो टाकले, हळहळले. मीही हृदयाचं चिन्ह टाकलं होतं. आपल्या बुशाचा साचाही त्याच दिवशी अडगळीत गेला, हे कुठे कळलं होतं!

आणखी एक गंमत. ज्या गोष्टीसाठी आपण या गाडीला शिव्या घातल्या, तीच तिच्या दीर्घायुष्याचं कारण ठरली. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट, म्हणजे हिचाच जुना अवतार घ्या आणि नव्वदच्या दशकातली पद्मिनी घ्या. जाळी बदलली, दिवे बदलले, नाव बदललं, पण आतलं हाडामांसाचं काम बरंचसं तेच. परवाना राज होतं, स्पर्धा नव्हती, कंपनीला नवं करायची निकड नव्हती. गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं आणि हातात यायची तीच जुनी गाडी. संताप यायचा. पण तीस-पस्तीस वर्षं एकच साचा चालला, की एकाचा पार्ट दुसऱ्याला बसतो आणि तो बनवणाऱ्यालाही परवडतं. मी काही परवाना राजची आरती करत नाहीये, तेवढं कृपया कमेंटमध्ये सुरू करू नका.

मारुती ८०० वाल्यांचं बघा. ती गाडी २०१४ च्या जानेवारीत बंद झाली, तरी तिचे मालक निवांत झोपतात. कारण ७९६ सीसीचं त्याच घराण्यातलं इंजिन ऑम्नीत होतं, अल्टोत होतं. तालुक्याच्या गावातही माल मिळतो. उलट माझ्या धाकट्या दिरांची गाडी माझ्या गाडीच्या निम्म्या वयाची, परदेशी कंपनीची. कंपनीने इथला गाशा गुंडाळला. गेल्या वर्षी बैलगाडीची धडक बसून हेडलाइट फुटला. अख्खा दिवा बदलायचा, आणि तो मिळेना. शेवटी कुणाच्या तरी अपघातात चेपलेल्या गाडीचा काढून आणला, तोही उजवा-डावा वेगळ्या रंगाचा. एक डोळा पिवळा, एक पांढरा. म्हणून मी आता गाडी घेणाऱ्याला सांगते, मायलेज नंतर विचार. तुझ्या गल्लीत तसल्या किती गाड्या आहेत, ते आधी मोज.

जुन्या मालाबद्दलही थोडं. "कंपनीच्या डब्यातला, सील न फोडलेला" म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात. लोखंडाचा पार्ट असेल तर जरूर घ्या. रबराचा असेल तर हात लावू नका. मीही फसलेय. ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे रबरी कप डब्यातून काढले तेव्हा काळे कुळकुळीत, वर साइजही सुबक छापलेला. मामांनी कप चिमटीत धरून दुमडला आणि त्याच्या कडेला केसासारखी बारीक चीर उमटली. वीस वर्षं डब्यात बसूनही रबर म्हातारं होतंच. तो कप बसवला असता, तर ऑइल गळून पेडल तळाला गेलं असतं, आणि या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेकच. त्या जागी कालपरवा बनलेला लोकल कप शंभर पटींनी बरा.

बुशाचं शेवटी काय झालं? उद्यमनगर झिंदाबाद. ऑइल इंजिनापासून गुऱ्हाळाच्या चरकापर्यंत काहीही दुरुस्त करणारी ही वस्ती नसती तर कोल्हापुरातल्या निम्म्या जुन्या गाड्या कधीच भंगारात गेल्या असत्या. एका टर्नरकाकांकडे मी जुना बुश पुढे केला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही. म्हणाले, "झिजलेल्या बुशावरून माप घेतलं तर झिजलेलाच बुश तयार होतोय. दांडी आणा, आणि ज्याच्यात बसतोय ते घर आणा." मामांनी दोन्ही काढून नेले. काकांनी व्हर्नियर लावला, पाटीवर खडूने दोन आकडे लिहिले, नायलॉनचा रॉड लेथच्या चकमध्ये धरला. पांढऱ्या सालपटांची लांबच लांब गुंडाळी निघत राहिली. पहिला बुश घट्ट झाला, दुसरा नेमका बसला. मी चार करून घेतले. शंभर-शंभर रुपये. चौथा मागितला तेव्हा ते हसले, "गाडी चार जन्म चालवताय काय?"

लेथवर सगळं होत नाही, हे मलाही कळतं. काच होत नाही, बीडिंग होत नाही, आणि ब्रेकच्या कामाला मी लेथ लावू देत नाही. आणि तेच नेमकं बाजारातून गायब होतंय, कारण त्याला नवीन गिऱ्हाईक फुटलंय. पुण्यात एका कॅफेत गेले होते. भिंतीतून अर्धी फियाट बाहेर आलेली, पिवळा टप, समोर सेल्फीची रांग. तिचं बॉनेट एका चेपेशिवाय, दारांच्या त्रिकोणी काचा शाबूत, टेललाइटच्या काचा कोऱ्या. कॉफी घशाखाली उतरेना. नवऱ्याने दंड धरून बाहेर काढलं, नाहीतर मी तिथेच स्क्रू ड्रायव्हर मागितला असता. सजावटवाले किलोवर नाही, हौसेवर भाव देतात. त्यामुळे भंगारवालाही आता हबकॅपला "अँटिक" म्हणायला शिकलाय.

"विकून टाक" म्हणणाऱ्यांचा हिशेबही माझ्याकडे आहे. २०२१ ला नोंदणी पुढे वाढवली तेव्हा फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,०००. २०२६ मध्ये माझी पाळी आहे, भरेन. पैसे दिले की पावती तरी मिळते. पार्टचं तसं नाही, पैसे हातात घेऊन फिरलं तरी समोरचा मान हलवतो. ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलंच आहे. पण ते कंपन्यांनी माहिती द्यावी म्हणून. जिची कंपनीच गाड्या बनवायची थांबली, तिने कुठल्या दारात जायचं?

असो. डिकीत सध्या एक जुनी ट्रंक आहे. तीन बुश, दोन हँडब्रेक केबल, एक क्लच प्लेट, डिस्ट्रिब्युटरची कॅप. बाबांच्या काळात तिच्यात प्रवासाच्या चादरी असायच्या.

हवं आहे: उजव्या पुढच्या दाराची त्रिकोणी काच, फ्रेमसकट, आणि त्याच दाराचं काचेचं मशीन. कुणाच्या गोठ्यात, गॅरेजच्या माळ्यावर, मामाच्या परसात पडलं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. मी येऊन घेऊन जाईन. कॅफेवाल्यांनी कळवलं तरी चालेल.