छत्तीस हजारांचा आकडा

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत कारखान्यांनी इल-२ जातीची ३६,००० हून अधिक विमानं बनवली. त्यातलं एक मला हवं आहे. खरं नको, प्लास्टिकचं. खोक्यात सुट्या भागांच्या रूपात येणारं, घरी बसून कापायचं, घासायचं, चिकटवायचं आणि रंगवायचं. मागणी एवढीच आहे. लाल सेना मॉस्कोच्या वेशीपासून बर्लिनपर्यंत साडेतीन वर्षांच्या आत पोहोचली. मी अजून स्केलपाशी आहे.

हा छंद नसलेल्यांना वाटतं की कष्ट असतात ते जोडण्यात. जोडणं म्हणजे निव्वळ सुख. हातात चिमटा असतो, नाकात सिमेंटचा (म्हणजे प्लास्टिक जोडायच्या गोंदाचा) वास असतो आणि घरातलं कुणी भाजी आणायला पाठवत नाही, कारण हात बरबटलेले असतात. खरा जीव जातो तो खोकं निवडताना.

इल म्हणजे इल्यूशिन, विमानाच्या रचनाकाराचं नाव. इल्यूशिनच का, हाही प्रश्न घरात निघाला. आमच्या पिढीचं बालपण मॉस्कोहून आलेल्या मराठी पुस्तकांवर गेलं. रादुगा आणि प्रगती प्रकाशनाची ती जाड कागदाची, कवडीमोल किमतीची पुस्तकं प्रदर्शनातून घरी यायची आणि त्यांतल्या बर्फात आम्ही भर मे महिन्यात कुडकुडायचो. शिवाय इल्यूशिन हे नाव आपल्याला परकं नाही. नौदलाची इल-३८ विमानं १९७७ पासून २०२३ पर्यंत गोव्यात दाबोळीला होती. सुट्टीत बीचवर उताण्या पडलेल्या कित्येक मराठी माणसांच्या पोटावरून ती गेली असतील. हे सगळं मी बायकोला नीट समजावून सांगितलं. तिने विचारलं, "केवढं असतं?"

तर स्केल. मूळ विमानाच्या पंखांचा पसारा १४.६ मीटर. एकास बहात्तरमध्ये तो वीस सेंटिमीटर होतो, एकास अठ्ठेचाळीसमध्ये तीस आणि एकास बत्तीसमध्ये पंचेचाळीस. पंचेचाळीसवाला हॉबीबॉस कंपनीचा डबा मी नुसता फोटोत पाहिला तरी छातीत धडधडतं. पण आमच्या शोकेसची खोली पस्तीस सेंटिमीटर आहे आणि तिच्यावर लेकीच्या वक्तृत्वाच्या ढाली, सासूबाईंनी दिलेला तांब्याचा बंब (छोटा, शोभेचा) आणि कुणीतरी वैष्णोदेवीहून आणलेली काचेची पेटी यांचा आधीपासून ताबा आहे. मी टेप घेऊन फळी मोजत होतो तेव्हा बायको म्हणाली, "तिरकं ठेवा की."

"तिरकं ठेवलं की ते वळतंय असं वाटतं."

"मग वळू दे. युद्धात सरळच जायचं का ते?"

खरं सांगायचं तर जवळजवळ सरळच जायचं. इल-२ हे जमिनीलगत उडून रणगाडे, तोफा आणि खंदक फोडणारं विमान. इंजिन, टाक्या आणि वैमानिक हे सगळं एका पोलादी पेटीत बसवलेलं. ही पेटी विमानावर नंतर लादलेली नव्हती, तीच विमानाचा पुढचा अर्धा सांगाडा होती आणि तिचं वजन सातशे किलोच्या आसपास भरायचं. एवढं ओझं घेऊन कोण गिरक्या घेणार? रेडिएटरसुद्धा गोळी लागू नये म्हणून पेटीच्या पोटात दडवला होता, आणि त्याला वारा मिळावा म्हणून नाकाच्या वर एक घुमटी. त्या घुमटीमुळे आणि कॉकपिटच्या उंचवट्यामुळे ते कुबड काढल्यासारखं दिसतं. सैनिक त्याला 'कुबडा' म्हणत. मला ते रूप फार आवडतं. बायकोने फोटो निरखून पाहिला आणि "तुमच्या आत्यांसारखं आहे" एवढाच शेरा दिला.

एकास अठ्ठेचाळीस ठरलं. हुश्श म्हणून बसतो तोच दुसरा प्रश्न: एका माणसाचं की दोन माणसांचं?

इथे माझी गाडी रुतली ती रुतलीच. आणि यात माझा काही दोष नाही, कारण या प्रश्नावर खुद्द सोव्हिएत देशाचं एकमत व्हायला तीन वर्षं लागली. सर्गेई इल्यूशिनने पहिला नमुना केला तो दोघांसाठी. पुढे वैमानिक, मागे तोंड करून बसलेला गनर. २ ऑक्टोबर १९३९ ला कोक्किनाकी नावाच्या नामांकित चाचणी वैमानिकाने तो उडवला. मग विमान जड आहे, वेग कमी पडतो असं निघालं आणि मागच्या माणसाला उतरवण्यात आलं. एका माणसाचं विमान कारखान्यांतून बाहेर पडू लागलं आणि जून १९४१ ला जर्मन आले. जर्मन लढाऊ विमानांना या पोलादी पेटीवर पुढून गोळ्या घालण्यात रस नव्हता. ते मागून आले. मागे बघायला कुणीच नव्हतं. रेजिमेंटांनी वैतागून आपल्याच तळावर विमानाची पाठ कापली, भोक पाडलं आणि त्यात बंदूक घेऊन माणूस बसवला. १९४२ च्या अखेरीस कारखान्यांनीही दोघांचं विमान पुन्हा सुरू केलं. म्हणजे दोन, मग एक, मग पुन्हा दोन. आमच्याकडे हॉलच्या पडद्यांचा रंग ठरवताना हेच झालं होतं, पण तिथे गोळीबार नव्हता. फारसा.

बाजारात एकट्याचं आणि दोघांचं अशी दोन्ही किटं मिळतात. नव्वदच्या दशकात अ‍ॅक्युरेट मिनिएचर्स या अमेरिकन कंपनीने दोन्ही काढली, आणि नंतर तेच साचे वेगळ्या नावांच्या खोक्यांतून फिरत राहिले. त्यामुळे खोक्यावरचं नाव वाचून काही कळत नाही. आतलं प्लास्टिक कुणाच्या पोटचं आहे याची चौकशी करावी लागते. कुळ-गोत्र पाहण्याची आपल्याकडची परंपरा माझ्या कामी आली ती इथे. तामिया कंपनीचं किट दोघांचं आहे, पण त्याचे पंख मागे झुकलेले, बाणासारखे. ते उशिराचं रूप. सुरुवातीच्या दोघांच्या विमानाचे पंख तेवढे झुकलेले नव्हते. म्हणजे माणसं दोन, पण पंख कोणते? १९४३ च्या उन्हाळ्यातली कुर्स्कची लढाई हवी असेल, पोटातून टँकफोड्या छोट्या बॉम्बांचा सडा टाकणारं विमान हवं असेल, तर एक पंख. १९४४ चं पोलंड हवं असेल तर दुसरा.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. ओझरला मिगच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. त्यांचा सल्ला घ्यावा म्हणून मी मॉनिटरवर चार-पाच किटांचे फोटो उघडले आणि एका किटच्या शेपटीकडच्या रिव्हेट्स (पत्रे जोडणारे खिळे) फारच ठसठशीत आहेत, अशी शंका मांडली. काकांनी चष्मा वर केला. "शेपटीवर रिव्हेट कसले शोधतोस? लाकूड आहे ते. प्लायवूड."

बरोबरच होतं. पुढचा भाग पोलादाचा आणि पाठीमागचा बर्चच्या प्लायवूडचा. मध्यंतरी कारखाने उचलून पूर्वेला न्यावे लागले, अॅल्युमिनियमची चणचण झाली, तेव्हा पंखांची टोकंही लाकडी केली. पुढे सवड झाली तशी ती पुन्हा धातूची झाली. "म्हणजे पंख धातूचा की लाकडाचा, तेही ठरवावं लागेल," मी म्हणालो. काका आनंदाने हो म्हणाले. त्यांना निवृत्तीनंतर इतकं उपयुक्त वाटल्याचं मी पाहिलं नव्हतं. चहा दोनदा झाला.

त्या स्थलांतराची एक हकीकत मला काकांमुळेच कळली. व्होरोनेझचा कारखाना १९४१ च्या शरद ऋतूत यंत्रांसकट आगगाडीत भरून कुइबिशेवला हलवला. तिथे अजून धड छपरंही नव्हती. उत्पादन मंदावलं. डिसेंबरात स्टालिनची तार आली: लाल सेनेला इल-२ हवेसारखं, भाकरीसारखं हवं आहे. पुढे, ही शेवटची ताकीद, असंही होतं. तारेनंतर विमानं भराभर बाहेर पडू लागली.

मी हे वाक्य घरी वापरून पाहिलं. रात्री जेवताना, योग्य तो विराम घेऊन म्हणालो, "मला ते किट हवेसारखं, भाकरीसारखं हवंय."

"भाकरी आहे," बायको म्हणाली. "पिठलं घ्या."

शेवटी मी एका माणसाचं विमान घ्यायचं ठरवलं. कारणं भक्कम होती. एकच आकृती रंगवायची, मागची बंदूक नाही, मागची काच नाही. ऑर्डरच्या पानावर बोट ठेवलं होतं तेवढ्यात लेक येऊन खांद्यावरून बघू लागली. ती आठवीत आहे आणि तिला शाळेत इतिहासात जे मिळत नाही ते सगळं माहीत असतं.

"याच्यात मागे कोणी नाही?"

"नाही. एकटाच असतो."

"मग मागून आलं तर?"

"तर... त्याचं नशीब."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या क्षणी मी इल्यूशिनचं डिझाइन ब्यूरो, लाल हवाई दल आणि सरकार असं सगळं एकदमच होतो. मग ती लॅपटॉप घेऊन गेली आणि तासाभराने आन्ना येगोरोवाची माहिती घेऊन आली. मॉस्कोच्या मेट्रोच्या बांधकामावर काम करता करता फ्लाइंग क्लबात शिकलेली मुलगी, पुढे इल-२ ची वैमानिक. ऑगस्ट १९४४ मध्ये पोलंडवर तिचं विमान पडलं. तिची गनरही मुलगीच होती, दूस्या नाझारकिना. ती गेली. येगोरोवा होरपळलेल्या अवस्थेत जर्मनांच्या हाती लागली, छावणीतून जिवंत सुटली आणि १९६५ साली तिला सोव्हिएत संघाची वीर हा किताब मिळाला.

"आणि बाबा, ती लोखंडी पेटी वैमानिकाच्या मागेच संपते. गनर पेटीच्या बाहेर बसायचा. कापडी पट्ट्यावर."

हे मला माहीत होतं. गनर वैमानिकांपेक्षा कितीतरी जास्त मरत, हेही वाचलं होतं. पण किट निवडताना माणूस पॅनेल-लाइनी, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा, मोजतो, पट्टे मोजत नाही. मी म्हणालो, "मग काय, नकोच ना बसवायला त्याला?"

"बसवायचं! नाहीतर पुढच्याला कोण वाचवणार?" आणि मग थोडं थांबून, "पण वाईट आहे हे."

घरात बहुमताने दोघांचं विमान मंजूर झालं. विमान १९४४ चं, पंख मागे झुकलेले.

रंगाचा विषय मी थोडक्यात आटोपतो, नाहीतर या लेखाला दिवाळी अंकही पुरणार नाही. सुरुवातीला वरून हिरवा-काळा आणि खालून फिका निळा. १९४३ पासून वरून फिका तपकिरी, हिरवा आणि गडद राखाडी असे तीन. हिवाळ्यात त्यावर धुऊन जाणारा पांढरा. इतपत सरळ आहे. पण लाकडाला वेगळा रंग आणि धातूला वेगळा, आणि दोन्हींचा हिरवा मुळात सारखा होता का, यावर जगभरातली शहाणीसुरती, नोकरी-धंदा असलेली माणसं एकमेकांशी बोलणं सोडतात. कुणी जुन्या भंगाराचे तुकडे घासून पाहतात, तर कुणी कृष्णधवल फोटोंवरून हिरव्याची छटा सांगतात. असले दोघे मित्र माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसवलं गेलं, तेव्हा केळीच्या पानाच्या रंगावरून पुन्हा सुरुवात झाली. मी मधला हिरवा घेणार आहे. दोघांनाही तो चूक वाटेल, म्हणजे निदान न्याय तरी सारखा होईल.

आता फक्त खरेदी उरली. ऑनलाइन मागवण्यापेक्षा डोळ्यांसमोर खोकं बघून घ्यावं म्हणून मी एका दुकानदाराला फोन लावला. सगळी उजळणी केलेली होती, एका दमात म्हटलं: इल-२, एकास अठ्ठेचाळीस, दोघांचं, झुकलेल्या पंखांचं, गनरच्या आकृतीसह.

पलीकडे कीबोर्ड खडखडला. "सर, ते संपलंय. पुढचा लॉट कधी येईल सांगता येत नाही." मग आवाजात मायेचा ओलावा आला. "पण इल-१० आहे. त्याच्याच नंतरचं. युद्धाच्या अगदी शेवटी-शेवटी आलेलं. आणि सर, त्यात मागचा माणूससुद्धा चिलखताच्या आत असतो."

लेक शेजारीच उभी होती. फोन स्पीकरवर होता. तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला, आणि मागून बायकोचा आवाजही ऐकला, "घेऊन टाका एकदाचं!" सगळं घर एका बाजूला झालेलं असा प्रसंग आमच्याकडे क्वचितच येतो. हो म्हणणार होतो. पण इल-१० चेकोस्लोव्हाकियातही आव्हिया कंपनीने बनवलं होतं, बी-३३ या नावाने, युद्ध संपल्यावर. हे विचारल्याशिवाय पुढे कसं जाणार?

"एक मिनिट," मी म्हणालो, "सोव्हिएत आहे की चेक?"

"दोन्ही आहेत, सर."