गाडी कडक आहे, फक्त डिझेल टाका

जुनी डिझेल गाडी घ्यायची म्हटलं की सगळ्यात आधी गाठ पडते ती डॉक्टरांशी. म्हणजे गाडीच्या पहिल्या मालकाशी. विकायला काढलेली प्रत्येक डिझेल गाडी कुठल्यातरी डॉक्टरांची असते, ते ती फक्त घर ते दवाखाना चालवतात, आणि दहा वर्षांत रनिंग झालेलं असतं ६२ हजार. आता रोज दवाखान्यापर्यंतच जायचं होतं, तर या सद्गृहस्थांनी लाखभर जास्त मोजून डिझेल घेतली कशाला, असं विचारायचं नसतं. विचारलंत तर एजंट बॉनेटवर थाप मारतो आणि म्हणतो, "साहेब, गाडी कडक आहे. फक्त डिझेल टाका आन् पळवा."

माझं म्हणणं उलटं आहे. डॉक्टरांची ६२ हजारवाली खरी निघाली, तरी मी पुणे-नाशिक करून दीड लाख झालेली आणि सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या असलेली गाडी आधी बघायला जाईन. डिझेलला थंड इंजिनावरची चार-चार किलोमीटरची चाल सोसत नाही. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआरमध्ये काजळी साठते, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या पात्या चिकटतात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची काजळीची गाळणी बसवलेली असते. ती आतली काजळी जाळून स्वतःच साफ होते, पण त्यासाठी इंजिन तापलेलं हवं आणि गाडी साधारण ६० च्या पुढे पंधरा-वीस मिनिटं सलग पळायला हवी. कर्वे रोडवर हे जमतं. रात्री अडीच वाजता. साफसफाई वारंवार अर्धवट राहिली की त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल मोजायच्या पट्टीवर, म्हणजे डिपस्टिकवर, पातळी वर चढलेली दिसते. गाडी ऑइल पीत नाही, उलट वाढवते, म्हणून खूश होणारे लोक आहेत.

मुळात डिझेल परवडते का, हा हिशेब एजंटसमोर करू नये, घरी करावा. पेट्रोल १०४ धरा आणि ॲव्हरेज १४. डिझेल ९१ धरा आणि ॲव्हरेज १९. किलोमीटरला पेट्रोलचे ७ रुपये ४३ पैसे पडतात, डिझेलचे ४ रुपये ७९ पैसे. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला १९ हजार वाचतात, आणि डिझेल फवारणारे इंजेक्टर एकदा बोलले की तेवढे एका फटक्यात जातात. महिन्याला १५०० वाल्याचे साडेसत्तेचाळीस हजार वाचतात; त्याने जरूर घ्यावी. २०१२ साली दोन्ही इंधनांत लिटरमागे तीस रुपयांच्या वर फरक होता, तेव्हा भाजी आणायलाही डिझेल परवडायची. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे भाव मोकळे सोडले आणि ती मजा संपली. आपले काका मात्र अजून २०१२ च्या भावाने सल्ला देतात.

ॲव्हरेजचा जो आकडा एजंट सांगतो तो गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआयचा. ही संस्था पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे, पण तिथला आकडा टेकडी उतरून खाली येत नाही. होंडा अमेझ डिझेलचा आकडा २५.८ होता. त्यातून सात वजा करा, मग बोला.

आता निवड. १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा, व्हिस्टा, मान्झा, पुंटो, लिनिया अशा निम्म्या रस्त्याच्या पोटात होतं. फियाट-टाटांसाठी ते अष्टविनायकातल्या रांजणगावला बनायचं, मारुतीसाठी मुख्यतः मानेसरला. पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळतात, मेकॅनिकला डोळे बांधूनही उघडता येतं. दोन हजार आरपीएमच्या खाली ते झोपलेलं असतं आणि मग एकदम उठतं, तो त्याचा स्वभाव आहे, बिघाड नाही. यात टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ सांभाळायला, बेल्ट नाही, चेन आहे. चेन बदलावी लागत नाही असं सगळे सांगतात, पण ज्याने ऑइल बदलायला दहाऐवजी वीस हजार किलोमीटरांनी नेली त्याची चेन सैल होते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खळखळते. ती खळखळ ऐकायला पहाटे जावं लागतं, ते पुढे येतंच. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंदच केल्या, त्यामुळे यातली नवीनात नवीन गाडीही आता वयात आलेली आहे.

डस्टर, टेरानो, मायक्रा यांचं दीड लिटरचं रेनॉ इंजिन, इकोस्पोर्टचं टीडीसीआय आणि पोलो-व्हेंटोचं टीडीआय ही बेल्टवाली मंडळी. चालवायला सुरेख. डस्टर खड्ड्यांत जितकी शांत राहते तितका चालवणाराही राहत नाही. पण बेल्ट तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरतं आणि बिल चढतं. बेल्टची मुदत किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्हींत असते, जे आधी होईल ते. त्यामुळे "साहेब, गाडी चाललीच नाही, बेल्ट कुठून खराब होणार?" हा युक्तिवाद रबराला मान्य नसतो. बेल्ट बदलल्याची पावती दाखवा म्हणावं. त्यावर बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही असला पाहिजे. पावती नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरून पूर्ण किटचा खर्च किमतीतून कापावा.

ह्युंदाईच्या आय-ट्वेंटीचं १.४ आणि व्हर्नाचं १.६ सीआरडीआय चेनवालं, शांत. व्हर्ना १२८ पीएसची, म्हणून ती कुणी कशी हाणलीय हे क्लचला विचारावं. अमेझ ॲव्हरेजला उत्तम, आवाजाला नाही. इनोव्हाबद्दल बोलत नाही. तिची किंमत उतरत नाही, फक्त मालक बदलतात.

गाडी बघायला सकाळी लवकर जायचं आणि आदल्या रात्री बजावायचं की मी आल्याशिवाय स्टार्ट करू नका. पोचल्यावर नमस्कारानंतर पहिला हात बॉनेटवर. गरम लागलं तर "जरा पुसायला बाहेर काढली होती" असं उत्तर मिळतं. पुसायला इंजिन लागत नाही. अशा वेळी चहा घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी परत जावं.

थंड असेल तर चावी फिरवून वेटोळ्याचा ग्लो प्लगचा दिवा विझू द्यावा, मग स्टार्टर मारावा. दोन सेकंदांत उठली पाहिजे. मागे एक माणूस उभा करावा, शक्यतो पांढरा शर्ट नसलेला. क्षणभर पांढरट धूर निघून गेला तर चालेल. निघतच राहिला तर ग्लो प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा आत शिरणारं कूलंट यांपैकी काहीतरी आहे. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा टर्बोचं सील. रेस केल्यावर काळा लोट म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी: ईजीआर, इंजेक्टर, नाहीतर टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा फाटका होज.

मग आयडलिंगवरच ऑइलचं झाकण उघडून उलटं भोकावर ठेवावं. थोडं थरथरलं तर ठीक. आधणावरच्या झाकणासारखं नाचायला लागलं आणि खालून धूर भसाभसा आला, तर त्याला गॅरेजात बॅक कॉम्प्रेशन म्हणतात आणि तिथून पाय काढावा. झाकणाच्या आत पांढरट मलई दिसली तर कूलंटच्या टाकीतही तवंग आहे का बघावा. ऑइल काळं असण्यावरून मात्र भांडू नये, डिझेलचं ऑइल चार दिवसांत काळं होतंच. सोनेरी ऑइल दिसलं तर ते कालच बदललंय, आणि कालच का, हे विचारावं. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा कडक काळा थर आणि कानाला फुस्-फुस् आवाज म्हणजे तांब्याचे वॉशर गळतायत.

चालवताना तिसऱ्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमवरून पूर्ण दाबावं. दोन हजारांनंतर पाठीत ढकलल्यासारखं झालं पाहिजे. रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू आला आणि रस्त्यावर रुग्णवाहिका नसेल, तर टर्बो. क्लचसाठी हँडब्रेक ओढून चौथा टाकावा आणि क्लच सोडावा. इंजिन बंद पडलं तर प्लेट शाबूत, चालतच राहिलं तर गेली.

मीटर मागे फिरवणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे. पण मीटर फिरवणारा ब्रेक पेडलचं रबर फिरवत नाही. ६२ हजारांत पेडल गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकचकीत होत नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडे पाहावेत, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कंपनी सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुन्या नोंदी मागाव्यात. नंबर प्लेट आता पांढरी असली तरी पूर्वी पिवळी होती का, हे आरटीओच्या नोंदीत कळतं. बऱ्याच डिझायर संन्यास घेतलेल्या टॅक्स्या असतात.

कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा आणि चिपळूणचा २०२१ चा पूर आठवून सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून काढावा. सीटं धुतात, मॅट बदलतात, पण बेल्टचा आतला वीतभर पट्टा धुवायचं कुणालाच सुचत नाही. चिखलाची रेघ तिथे राहते. दिल्लीची गाडी स्वस्त पडते, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ मध्ये हरित लवादाचा आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा बडगा आला; २०२५ मध्ये न्यायालयाने तो सैल केला. पण एनओसी, इथला कर आणि पुन्हा पासिंग धरलं की स्वस्ताई बहुतेक आरटीओतच संपते.

सौदा ठरला तर मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० आणि कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेच्या सहीचा ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नयेत. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर थकलेली चलनं बघावीत. विमा चौदा दिवसांत नावावर करावा. नो क्लेम बोनस आधीच्या मालकाचाच राहतो, तो मागू नये. ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड पहिल्याच आठवड्यात बदलावं. आणि काचेवरचा जुना फास्टॅग आधी खरवडून काढावा. नाहीतर टोलचे पैसे कापल्याचा मेसेज आधीच्या मालकाला जातो आणि आपण लोणावळ्याला निघालोय हे घरच्यांआधी त्याला कळतं.