पंच म्हणून सही केली हा माझा गुन्हा झाला का?

मोटारचोरीच्या खटल्यात पंच, म्हणजे पोलिसांच्या झडती-जप्तीचा साक्षीदार, म्हणून साक्ष द्यायला गेलो आणि आज सातव्यांदा तसाच परत आलो. सातव्यांदा!! सकाळी साडेदहापासून कोर्टाच्या व्हरांड्यात उभा, चारला पुकारा झाला आणि काय तर आरोपीचे वकील आले नाहीत, पुढची तारीख घ्या. इकडे केळीची गाडी भरायला आलेली, घड कापायला माणसं लावलेली, सगळं बायकोवर आणि म्हाताऱ्या बापावर टाकून गेलो होतो.

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात विहिरीवरच्या मोटारी आणि केबल चोरीला जाणं किती जिवाला लागतं ते शेतकऱ्यालाच माहीत, म्हणून पोलिसांनी माल पकडल्यावर पंच पाहिजे म्हणाले, सगळे मागे सरकले, मी गेलो. कायद्यात लिहिलंय की झडतीला त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी पाहिजेत, आणि लेखी बोलावून विनाकारण नाही म्हटलं तर तोच गुन्हा. मग त्या प्रतिष्ठित माणसाला बसायला एक बाकडं तरी द्या ना! आरोपी जामिनावर, माझ्यापासून चार हातावर तंबाखू मळत उभा. एका तारखेला जवळ येऊन म्हणे, भाऊ, आठवत नाही सांगून टाक, दोघं सुटू. दोघं?? मी काय केलंय? दुसरा पंच तर फितूर झालाच, आणि खरं सांगतो, मला त्याचा रागसुद्धा येत नाही आता.

परवा टपरीवर एक जण म्हणे ज्युरी, म्हणजे खटल्यात बसणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, परत आणा, निकाल जनतेने द्यावा. अरे बाबा, १९५९ ला नौदल अधिकारी नानावटीच्या खून खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष ठरवलं, ते हायकोर्टाने फिरवलं, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्युरी राहिलीच नाही. आता आपल्या हातात साक्ष तेवढी उरलीय, आणि ती द्यायला उभं राहिलेल्या माणसाचे हे हाल, तर ज्युरीत बसायला कोण येणार आहे? साक्षीदार हजर असला तर खास कारण लिहिल्याशिवाय तारीख द्यायची नाही हे जुन्या कायद्यातपण होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात तर दोनच तहकुबी म्हटलंय. माझ्या सात झाल्या!

पुढच्या तारखेला जाणार. पण ह्या वेळी सरकारी वकिलांकडे लेखी अर्ज देणार, साक्षीदार सकाळपासून हजर आहे हे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, लिहा, आणि सातही दिवसांचा भत्ता काढा.