विंचवरची खोबण

'दिव्यांग' हा शब्द मला कधीच आवडला नाही, पण आज त्यावर भांडायचं नाहीये. आजचं भांडण वेगळं आहे.

फ्रान्सच्या दामियाँ सगँवर आपल्याकडे कधी लेख आलाच, तर मथळा मला आत्ताच पाठ आहे: 'एका हाताने जिंकला समुद्र!' खाली शे-दोनशे हात जोडलेले इमोजी. गडी 1979 चा, जन्मतःच डावा पंजा नाही. आल्प्समधला जन्म, पोरवयात कॅरिबियनमधल्या ग्वाडलूप बेटावर गेला आणि तिथे शिडाच्या होडीचा नाद लागला. पॅरालिंपिकमध्ये 2004 ला अथेन्सचं सुवर्ण, 2008 ला बीजिंगचं रौप्य, 2016 ला रिओत परत सुवर्ण. आणि मग वाँदे ग्लोब.

वाँदे ग्लोब म्हणजे एकटा माणूस, 60 फुटी बोट, कुठेही न थांबता, कुणाचीही मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा. आपल्या नौदलाच्या दिलीप दोंदेंची 2009-10 ची एकट्याने केलेली पृथ्वीप्रदक्षिणा ज्यांना आठवते (गोव्यात बांधलेली 'म्हादेई' बोट, वाटेत चार मुक्काम), त्यांना यातली जोखीम वेगळी सांगायला नको. नोव्हेंबर 2020 ला 33 बोटी सुटल्या. सगँ 80 दिवसांनी परतला, क्रमांक सातवा. अपंग माणसाने ही शर्यत पुरी करण्याची ती पहिलीच वेळ.

तर त्याच्या हाताचं काय झालं? बोटीवर दोर ओढायला मोठा विंच असतो, सायकलच्या पायडलसारख्या दोन दांड्या दोन हातांनी गरागरा फिरवायच्या. त्यातल्या एका दांडीवर त्याने खोबण बसवून घेतली. मनगटाशी संपणारा हात तिच्यात घालायचा आणि फिरवायचं. बोटीत त्याच्यासाठी म्हणून केलेला बदल तो एवढाच. मी ते वाचून मोठ्याने हसलो, कारण ही तर माझ्या स्कूटरची गोष्ट!

माझा डावा पाय पोलिओचा. 2009 ची अ‍ॅक्टिवा, मागे दोन साइड व्हील. आमच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्या मामांनी लावून दिली, दोनदा वेल्डिंग तुटलं, तिसऱ्यांदा त्यांनी जाड पट्टी टाकली, ती अजून शाबूत आहे. लोक म्हणतात नवी घ्या. नवी घेतली की पुन्हा सगळं माप, सगळा तोल पहिल्यापासून. कशाला?

सगँची बोटही जुनीच होती. 2008 साली बांधलेली, आधी दुसऱ्यांनी शर्यतीत चालवलेली. त्या वेळी नव्या बोटींना कुशीतून पंखांसारखी फॉइल्स निघालेली, वेगात बोट पाण्याबाहेर उचलणारी. याच्या बोटीला ती नव्हतीच. तरी बऱ्याच पंखवाल्यांना मागे टाकून आला. या खेळात शिडांवर 'समुद्र वाचवा' लिहिणारे पुष्कळ. पण एका संघाने प्रामाणिकपणे आपल्या नव्या बोटीचा हिशोब मांडला, तेव्हा नुसत्या आरेखन आणि बांधणीचाच कार्बन साडेपाचशे टनांवर गेला. समुद्रात उतरण्याआधीच! काही बोटी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आणि क्षार मोजणारी यंत्रं घेऊन जातात, जिथे कुठलंच जहाज फिरकत नाही तिथल्या नोंदी आणतात, ते काम मोलाचं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पर्यावरणाच्या नावाने टाळ्याच वाजवायच्या तर मी आधी जुन्या बोटीला वाजवीन.

आता रिओ. 2016 च्या शर्यती ग्वानाबाराच्या उपसागरात झाल्या. यजमानपद मागताना आश्वासन होतं की तिथे जाणारं 80 टक्के सांडपाणी शुद्ध करू. झालं नाही. सगँ ज्या छोट्या एकट्याच्या बोटीत शर्यत करायचा, तिच्यात माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो. उडालेलं पाणी सरळ तोंडावर. खालच्या कीलला (बोटीचा तोल राखणाऱ्या पात्याला) एक प्लास्टिकची पिशवी अडकली की बोट जड होते, का ते कळत नाही. मुंबईच्या ससून डॉकपाशी ओहोटीला उभं राहून बघा, म्हणजे वास सांगावा लागणार नाही.

आणि त्या घाण पाण्यातलं सुवर्ण हे त्या खेळाच्या शेवटच्या पॅरालिंपिकमधलं ठरलं. सिडनी 2000 पासून पदकांत असलेली शिडाची शर्यत टोकियोतून काढली, पॅरिसमध्ये आली नाही, लॉस एंजेलिस 2028 मध्येही नाही. कारण काय, तर पुरेशा देशांत खेळली जात नाही. अहो, दार बंद केल्यावर देश येणार कुठून? 'प्रेरणादायी'वाले तेव्हा कुठे होते?

वीसेक वर्षांपूर्वी मुंबईतल्याच एका क्लबात मी शिडाची होडी शिकायला गेलो होतो. तिथल्या साहेबांनी माझ्या पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरकडे बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, तुम्ही जेटीवरून एन्जॉय करा. मी केलं एन्जॉय. चहा पिऊन घरी आलो. सगँलाही 2005 साली, गळ्यात ऑलिंपिकच्या तोडीचं सुवर्ण असताना, एका मोठ्या फ्रेंच शर्यतीने हाताच्या कारणावरून नाकारलं होतं. त्याने चहा पिऊन घर गाठलं नाही. अपंग आणि धडधाकट माणसांना एकाच होडीत बसवणारी संस्था काढली. तिचं नाव शब्दशः 'पायांनी आणि हातांनी', फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ आपल्या 'जिवाचं रान करणे'च्या जवळचा. पंजा नसलेल्या माणसाने संस्थेच्या नावातच हात घालावेत, हा वात्रटपणा मला पदकांपेक्षा जास्त आवडला.

परवा गॅरेजवाल्या मामांना त्या विंचचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला.

"वेल्डिंग हाय का बोल्ट?"

मला माहीत नव्हतं.

"बोल्टच बरा," ते म्हणाले. "खाऱ्या पान्यात वेल्डिंग खातं. आन तुमचं मागचं डावं चाक हलतंय, शनिवारी टाका गाडी."