अप्रेंटिस मुलीच्या लॉगबुकवर सही कोणाची?

आयटीआय करून कारखान्यात आलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं, "तू काही इथली कामगार नाहीस." अप्रेंटिस कायद्याच्या हिशेबाने ते खरंही आहे. पण 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येतच शिकाऊ (अप्रेंटिस) आणि प्रशिक्षणार्थी येतात. म्हणजे तक्रारीचा हक्क तिला पर्मनंट बाईइतकाच आहे.

खरी गोम मात्र सहीत आहे. लॉगबुक म्हणजे कामाची नोंदवही, हजेरी, कामाचा शेरा, सगळं एकाच सुपरवायझरच्या हातात. तोच वाकडा वागला तर ती बोलेल कशी? म्हणून लॉगबुकवर दर आठवड्याला दुसऱ्या विभागातल्या कोणाची तरी सही ठेवाच. तक्रार झाल्यावर तिने लेखी मागितलं तर तिचा शेरा दुसऱ्याने लिहावा, अशी शिफारस तक्रार ऐकणारी समिती करू शकते. बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजाही मिळू शकते. पण मागावं लागतं, आणि हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

आता लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या मशीनवर या. "हात धरून शिकवतो" हे कौतुकाने सांगितलं जातं. हँडव्हीलवर तिच्या हातावर हात ठेवायची काही गरज नसते. स्वतः एक कट घेऊन दाखवा, मशीन बंद करा, बाजूला व्हा, मग तिला घेऊ द्या. तुम्ही इमर्जन्सी स्टॉपपाशी उभे राहा. मापं घ्यायचे व्हर्नियर दोन ठेवा, एकाच मापावर दोघांनी वाकायला नको. ओढणी, बांगड्या, मोकळे केस गरगर फिरणाऱ्या चकमध्ये ओढले जातात, तसं मुलांच्या मनगटातलं कडंही अडकतं. हे पहिल्या दिवशी सगळ्या बॅचला एकदमच सांगा. रोज तिच्या कपड्यांवर बोलायला ते निमित्त नव्हे.

आणि बूट! चार-पाच नंबरचे सेफ्टी शूज मागवलेलेच नसतात. पोरगी आठ नंबरात दोन मोजे घालून अडखळते, मग "तुला जमायचं नाही" म्हणत तिला स्टोअरमध्ये रजिस्टर भरायला बसवतात. तिचा ट्रेड तिथेच बुडतो.

10 किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच, तीही प्रत्येक शाखेत. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. नावं आणि फोन नंबर टाइम ऑफिसच्या बोर्डावर लावा, पण बायकांच्या स्वच्छतागृहातही लावा. बोर्डासमोर उभं राहून ती नंबर उतरवून घेतेय, ही बातमी चहापर्यंत अख्ख्या शॉपमध्ये पसरते.

तक्रार 3 महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते. 10 पेक्षा कमी माणसं असलेल्या वर्कशॉपसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तरी तिथेच जायचं.