ब्रश वाळत घातलेत, हात लावू नका

आमच्या घरात गुपचूप उरकता येतील अशा गोष्टी मुळातच थोड्या. मेकअपचे ब्रश धुणं त्यांत बसत नाही. मंगळवार पेठेतलं जुनं घर, पुढे सोपा, मागे न्हाणी, आणि दोहोंच्या मध्ये कुणी ना कुणी बसलेलंच. मी ब्रश आणि पाण्याचा मग घेऊन निघाले की सोप्यातून प्रश्न येतो, "काय धुवालीस गं?"

धुण्यात तसं काही कठीण नाही. कोमट पाणी, दोन थेंब बेबी शाम्पू, ब्रशचं डोकं खाली धरून तळहातावर गोल गोल फिरवायचं आणि पाणी नितळ येईपर्यंत खळबळायचं. फाउंडेशनच्या ब्रशातून पहिल्यांदा जे निघतं, ते पाहून माणूस आरशातल्या स्वतःकडेही संशयाने बघायला लागतो. जुना मेकअप, चेहऱ्याचं तेल, मेलेली कातडी आणि या सगळ्यावर पोसलेले जंतू त्या मऊ केसांत मुक्काम ठोकून असतात. मग गालावर पुटकुळ्या आल्या की आपण दोष देतो मिसळीच्या कटाला. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना सांगते, दर 7 ते 10 दिवसांनी ब्रश धुवा. त्यांच्यापैकी कुणी जुलै महिना कोल्हापुरात काढला नसावा.

कारण खरा छळ वाळवण्यात आहे. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की आमच्याकडे रुमालसुद्धा वाळत नाही, तिथे पावडरचा तो गुबगुबीत ब्रश काय वाळणार? त्यात त्याचे नखरे. कडक उन्हात ठेवायचा नाही (ऊन आहे कुठे, हा भाग वेगळा), गरम हवेच्या ड्रायरने भाजायचा नाही, आणि उभा तर अजिबात करायचा नाही. केस जिथे धातूच्या नळीत चिकटवलेले असतात, तिथे पाणी उतरलं की गोंद सुटतो आणि पुढच्या वेळी ब्रशपेक्षा आपल्याच गालावर जास्त केस दिसतात. म्हणून आडवे ठेवायचे, डोकं टेबलाच्या काठाबाहेर काढून.

आता काठाबाहेर डोकं काढून ओळीने पडलेल्या वस्तू आमच्या घरात बेवारस समजल्या जातात.

जाऊबाईंनी पहिल्यांदा आपुलकीने सगळे ब्रश ग्लासात उभे करून ठेवले, "पडतील की गं खाली" म्हणून. नणंदेने पापण्यांचा इवलासा ब्रश उचलला आणि बाळाच्या बाटलीचं बूच घासलं. तिचं म्हणणं, "वहिनी, परत धुवून ठेवतो की मी, त्यात काय?" आणि आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पंख्यासारखा पसरट ब्रश थेट देव्हाऱ्यात नेला. टाकांच्या खाचाखोचांतलं वाळलेलं हळदकुंकू त्याने इतकं सुरेख निघालं, की तो परत मागायला माझी जीभ रेटेना.

तेवढ्यात थोरल्या पुतण्याने मोबाइलवर वाचून दाखवलं की भारी ब्रशांत शेळीचे केस वापरतात. महिना श्रावणाचा. आत्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वास्तविक माझा सगळा संच नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचा, शेळीला त्यातलं काहीच ठाऊक नाही. पण हे पटवून देईपर्यंत टाकांना पंचामृताची अंघोळ घडली आणि माझे ब्रश परड्यात गेले, पन्हळीखाली.

तिथे ते मामांना दिसले. सासरे जुने साइनबोर्ड पेंटर. फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवणं संपलं, तेव्हापासून ब्रश या विषयावर त्यांचं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी एकेक ब्रश उचलला, अंगठ्याने केस दाबून पाहिले, नळी कानाशी नेऊन हलवली.

"हे कुणी भिजाय टाकलं? पाणी मुळात गेलंय सगळं. बाबूराव पेंटरांचं गाव हाय हे! ब्रश असा ठेवत्यात व्हय?"

मग त्यांनी केस बोटांनी निथळून, चिमटीत धरून टोक पुन्हा आकारात आणलं आणि फळकुटावर डोकं खाली उतरतं ठेवून सगळे मांडले. अगदी तज्ज्ञ सांगतात तसेच. मला गहिवरून आलं. तो गहिवर "आता जरा घासलेटात बुडवून काढतो, एका मिनटात चकाचक" हे वाक्य येईपर्यंत टिकला. घासलेट आणि माझे डोळे यांच्यामध्ये मी उभी राहिले. बेबी शाम्पूची बाटली त्यांनी उलटसुलट करून पाहिली, हुंगली, आणि "पोरांचं काम हाय" म्हणून खाली ठेवली. तडजोड एवढीच झाली, की धुवायचं मी आणि वाळवायचं मामांनी.

तेव्हापासून कुणाची हात लावायची टाप नाही. स्पंज मात्र त्यांच्या अखत्यारीत येत नाही. ते ब्रशच नव्हे म्हणतात, आणि दमट हवेत आतून बुरसून तो स्पंज बिचारा कधीच कचऱ्यात गेला.

ब्रशांचं भाडं म्हणून आयलायनरचा बारीक ब्रश मामांनी ठेवून घेतला. "लायनिंगला लई झ्याक हाय ह्यो." त्याने त्यांनी दारावरच्या पाटीची पुसट अक्षरं पुन्हा काढली. आडनाव इतकं रेखीव दिसायला लागलं की शेजारच्या काकू आपलीही पाटी उतरवून घेऊन आल्या. मला रविवारी लग्नाला जायचं होतं, म्हणून ब्रश मागायला गेले, तर त्यावर काळा ऑइलपेंट घट्ट बसलेला.

"घासलेटाबिगर निघायचं न्हाई बघ," मामा म्हणाले.