चुंबळ कुठंय?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी न वाचता लाइक करून पुढं जावं, मला कळणार नाही.

अ‍ॅनिमेशनच्या पोरांना मी आठवड्यातून दोनदा ड्रॉइंग शिकवतो, हे तुम्हाला माहीत आहे. दहा दिवसांपूर्वी काम दिलं होतं. रोज पाच स्केचेस, बाहेर जाऊन, माणसं बघून. चहाची टपरी, बसस्टॉप, देवळाची पायरी, कुठंही बसा. आज एकानं पन्नासच्या पन्नास आणून टेबलावर ठेवली. प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून. स्केचबुकाचं स्पायरल बाइंडिंग!

पहिलं पान उघडलं तर शेडिंग असं, की मला माझीच लाज वाटावी. दुसरं तसंच, तिसरं तसंच. अकराव्या पानावर किराणा मालाचं दुकान होतं. दुकानाच्या बोर्डावर शिरोरेषा होती, काना-मात्रा होत्या, पण ओळखू येईल असं अक्षर एकही नव्हतं.

"हे दुकान कुठलं रे?"

गप्प.

पुढं सतराव्या पानावर कोळीण. नाकात नथ, डोक्यावर माशांची पाटी, पापलेटं चकाकतायत. पाटी थेट केसांवर. मधे चुंबळ नाही, म्हणजे ओझ्याखाली ठेवायची कापडाची गुंडाळी. मान बगळ्यासारखी वाकडी करून बाई गोड हसतेय. वीस किलो डोक्यावर घेऊन कुणी असं हसत नाही हो!

"सर, एआयच्या अ‍ॅपला लिहून दिलं की काढून देतं," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, अगदी निरागसपणे, "पण तुम्ही ओळखलंत कसं?"

कसं ओळखलं ते ऐका आता.

१९९७ साली मी अंधेरीच्या एका स्टुडिओत इनबिट्वीनर म्हणून लागलो. म्हणजे मुख्य पोझेस सीनियर काढणार आणि दोन पोझेसच्या मधली चित्रं आम्ही भरणार. सेकंदाला २४ फ्रेम्स, एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी सेकंदाला १२ चित्रं. खाली उजेडाची काच, म्हणजे लाइटबॉक्स, कागद पेगबारच्या खुंट्यांना अडकवलेले, डाव्या हाताच्या बोटांत तीन-चार कागद धरून फडफडवत बघायचं, उजव्या हातात निळी पेन्सिल. मालिका परदेशी, त्यात एक कुत्रा. सहा महिने मी त्या कुत्र्याचे कान काढले. फक्त कान. आईला वाटायचं पोरगं सिनेमात आहे.

एक दिवस सीनियरनं माझी लाइन टेस्ट, म्हणजे पेन्सिलची चित्रं ओळीनं चालवून, बघितली आणि म्हणाला, "तुझा कुत्रा थर्माकोलचा आहे. वजनच नाही त्याला. इथं बसून येणार नाही ते, बाहेर जा."

गेलो. सकाळी साडेसहा, दादरचा पूल. लगेजच्या डब्यासाठी थांबलेली एक कोळीण बघून वही काढली. पाचेक मिनिटं झाली असतील.

"ए पोरा, काय काढतंस? दाखव."

दाखवली. तिनं वही उलटीसुलटी करून बघितली. माझ्या रेषेचं कौतुक वगैरे काही नाही. म्हणाली, "पाटी रिकामी? भवानीच्या टायमाला माझी पाटी रिकामी काढतंस?" मला मासे काढायचा कंटाळा आला होता, हे खरं कारण. मग तिनं बोट ठेवलं, "आणि चुंबळ कुठंय? डोकं फुटेल ना माझं!"

विषय इथंच संपला असता. पण तिनं शेजारणीला हाक मारली, स्वतःची चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि दोघींनी मिळून ती पाटी माझ्या डोक्यावर चढवली. पुलावर. शंभर लोक बघतायत. मान आपोआप ताठ झाली, नजर समोर रुतली, गुडघे जरा वाकले आणि पायाखालची जमीन अचानक महत्त्वाची वाटायला लागली. बर्फाचं पाणी मानेवरून शर्टात. "आता चाल," म्हणाली. मी चार पावलं चाललो. वरचं सगळं स्थिर, जे काही हलत होतं ते कमरेखाली.

अंधेरीपर्यंत माझ्या दोन्ही बाजूंच्या सीट रिकाम्या होत्या. वास तीन दिवस गेला नाही.

हे पोरांना सॉफ्टवेअरमधून कसं शिकवायचं, सांगा ना मला. अ‍ॅनिमेशनच्या शाळांत पिठाच्या पोत्याला उड्या मारायला लावायचा जुना धडा आहे, वजन कळावं म्हणून. तो मी शिकवतो. मुलं छान करतात. आणि मग सगळी पात्रं पिठाच्या पोत्यासारखी चालवतात!

तर आजचा राग त्या पोरावर नाही. थोडा आहे. जास्त राग याचा, की संस्थेतल्या मॅडमना हे सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "सर, मी विचारच करत होते, आउटडोअरचे तास पुढच्या बॅचपासून एडिटिंगला देऊ या का? तसंही मुलं येत नाहीत." वर चहा पाजला. चहा चांगला होता.

आणि तुम्हीसुद्धा काही कमी नाही. २०२५च्या मार्चमध्ये निम्म्या फ्रेंडलिस्टनं एआयकडून जपानच्या घिबली स्टुडिओच्या स्टाइलमध्ये डीपी करून घेतले होते. छान दिसत होता सगळे, ते जाऊ दे. त्याच स्टुडिओत गर्दीच्या एका चार सेकंदांच्या दृश्यावर एका अ‍ॅनिमेटरचं सव्वा वर्ष गेलं. चार सेकंद! ते वाचल्यावर मला पहिल्यांदा कुणाची मान आठवली असेल, तर त्या माणसाची. सव्वा वर्ष लाइटबॉक्सवर वाकलेली.

मारियो मिरांडा लहानपणी घराच्या भिंती रंगवायचे, म्हणून आईनं हातात कोरी वही दिली. पुढं त्यांच्या डायऱ्याच्या डायऱ्या भरल्या. गावातले पाद्री, लग्नं, मयती, बायकांची भांडणं. मुंबईत येऊन व्यंगचित्रकार झाले ते नंतर. आर. के. लक्ष्मण आयुष्यभर कावळे काढत राहिले. ज्यानं रोजच्या पेपरात अख्खा देश काढला त्याला कावळा काढून दाखवायची काय गरज होती? पण कावळा रोज वेगळा बसतो ना! कावळ्याकडे बघायची सवय असलेला माणूस मंत्र्याकडेही तसाच बघतो.

हो, मीही आता टॅब्लेटवर काढतो. अन्डू वापरतो. लाइटबॉक्स विकून दहा वर्षं झाली. यावर कमेंटमध्ये मला पकडू नका, मी आधीच कबूल केलंय.

इथपर्यंत लिहून जेवायला उठलो होतो. जेवताना एक गोष्ट घशात अडकली, ती पण लिहितो.

चुंबळ मीसुद्धा काढली नव्हती.

१९९७ साली दादरच्या पुलावर, पाच फुटांवर जिवंत बाई उभी असताना, चुंबळ डोळ्यांसमोर असताना, मी ती काढली नव्हती. त्या यंत्रानं केलेली चूक आणि माझी चूक एकच. उलट त्यानं पाटी भरलेली तरी काढली. माझं नशीब एवढंच की मला रागवायला ती बाई तिथं होती. या पोराला कोण भेटणार? टिटवाळ्याहून येतो तो. क्लास संपला की मोबाइलच्या दुकानात रात्री दहापर्यंत उभा. लोकलमध्ये दोन्ही हात वर, दांडीला. वही धरणार कशात? आणि मी म्हणतो, देवळाच्या पायरीवर बस.

असो. तरी स्पायरल बाइंडिंगची माफी नाही.

सांगायची राहिलेली गोष्ट अशी. चिडून वही मिटत होतो, तेव्हा शेवटची दोन पानं वेगळी दिसली. बॉलपेननं काढलेली, रेषा थरथरलेल्या. एकावर रिक्षा, ती रिक्षा आहे हे त्यानं सांगितलं म्हणून कळलं. दुसऱ्यावर त्यांच्या बिल्डिंगचा वॉचमन, प्लास्टिकच्या खुर्चीत झोपलेला.

"ही कशी काय?"

"सर, फुकटचं लिमिट संपलं अ‍ॅपचं. अठ्ठेचाळीसच झाली होती. मग उरलेली दोन मी हातानं काढली."

खुर्चीला तीन पाय आहेत. हात कोपरापासून कुठं जातो, देव जाणे. पण त्या वॉचमनचं डोकं छातीवर पडलंय ना, ते खरंच पडलंय. हनुवटीनं गळ्याची घडी दाबलीय, टोपी पुढं सरकून नाकावर आलीय, एक चप्पल अर्धी सुटलीय. रात्रीच्या दोनच्या झोपेचं वजन आहे ते. अठ्ठेचाळीस पानांत एकाही माणसाला नाही एवढं.

त्याला मी हे सांगितलं नाही. चिडलेला होतो, तोंडातून निघालं, "खुर्चीचा चौथा पाय कुठंय?" तो म्हणाला, "सर, तो भिंतीमागे होता." आणि मग स्वतःच हसला, कारण चित्रात भिंतच नव्हती.

उद्या शनिवार. साडेसहाला दादरच्या पुलावर ये म्हटलंय त्याला. बॉलपेन आण, खोडरबर आणू नकोस. मासेवाल्या अजून त्या वेळी तिथं थांबतात का, बघायला हवं. शर्ट जुना घालून जाणार आहे.